गाडीची खोड

जनावरांच्या बाजारात खोड आणि रोग हे दोन शब्द फार जपून वापरतात. आमच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल असा सगळा बाजार तिथे लागतो. लहानपणी मी वडिलांबरोबर तिथे जात असे, आणि मला खाऊपेक्षा सौदे पाहण्याची गोडी अधिक. जाणते गिऱ्हाईक उभ्या घोड्याकडे फारसे पाहत नाही. ते म्हणते, "चालवून दाखवा." घोडा उगाच मान झटकत असेल तर ती खोड. चार पैसे कमी करून घ्यायचे आणि सौदा पुरा करायचा. पण दुडक्या चालीत पावलागणिक मान खाली-वर होत असेल तर हळूच काढता पाय घ्यायचा. कारण हलते ती मान असली तरी दुखतो तो पाय असतो.

मोटारसायकलीचे अगदी असेच आहे. हँडल हलते म्हणून हँडलाला दोष देणे म्हणजे मान हलते म्हणून घोड्याच्या गळ्याला तेल चोळण्यासारखे आहे. दोन चाकांच्या या जनावरात कळ एका ठिकाणी निघते आणि रोग दुसरीकडे असतो. शिवाय त्यात आणखी एक अवयव असतो, तो म्हणजे वर बसलेला माणूस. त्यालाही कळा असतात, वय असते, आणि मुख्य म्हणजे नातेवाईक असतात.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, नायगावला राहतात. नायगाव हे नांदेड–हैदराबाद रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. मी नांदेडला शाळेत गणित शिकवतो; अंतर पन्नासेक किलोमीटरचे, त्यामुळे महिन्यातून एकदोन रविवार माझे तिकडेच जातात. अण्णांचे वय सत्तर. गावाबाहेर आठ किलोमीटरवर शेत आहे, शेतात आखाडा आहे, आखाड्यावर दोन म्हशी आणि एक देवणी गाय आहे. शेजारच्या चार आखाड्यांचे दूधही अण्णाच गोळा करतात. रोज पहाटे दोन कॅन भरून ते मोटारसायकलीवर नायगावला आणतात आणि रिकामे कॅन घेऊन परत जातात. ही त्यांची नोकरी, व्यायाम आणि सार्वजनिक जीवन, तिन्ही एकदमच होते. दुधाच्या पैशांवाचून त्यांचे काही अडत नाही. पण ती फेरी बंद झाली तर मात्र अडेल.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर अण्णांनी पुण्याला मुलाला फोनवर सांगितले, "गाडीचं हँडल हातात थरथरायलंय रे." पुण्यात ही बातमी पोहोचली ती अशी : अण्णांचे हात थरथरायलेत. हातातल्या त्या एका 'त'चा फरक. पण घरात नुसती खळबळ उडाली. मुलाने बहिणीला लातूरला फोन केला, बहिणीने आईला केला, आईने मला केला. "भावजी, तुम्ही तरी सांगा त्यांना. सत्तरी झाली. हात कापायलेत म्हणे. गाडी विकून टाका म्हणावं." दिवाळीला सगळे जमणार होतेच. तेव्हा गाडीचा निकाल लावायचा असे अण्णांच्या माघारी ठरूनही गेले.

अण्णांचा आणि दुचाकीचा संबंध पन्नास वर्षांचा आहे. आधी सायकल. मग 1979 साली जुनी घेतलेली राजदूत. त्या काळी राजदूत म्हणजे दूधवाल्यांची गाडी. ओझे वाहावे तर तिनेच. पुढे 1985 हे साल आले आणि आमच्याकडचे रस्ते बदलले. त्या वर्षी हीरो होंडाची सीडी 100 बाजारात आली आणि औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. चार स्ट्रोकांची, थोड्या पेट्रोलात पुष्कळ धावणारी शंभर सीसीची गाडी हळूहळू गावोगाव दिसू लागली, आणि बैलगाडीचे निम्मे काम तिने अंगावर घेतले. अण्णांकडची सध्याची गाडी त्याच जातीची, पंधरा वर्षांची आहे. तिने अण्णांना कधी पाडलेले नाही.

दिवाळीला पुतण्या आला. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. मुलगा गुणी, वडिलांवर जीव असलेला आणि म्हणूनच घाबरलेला. आल्या आल्या त्याने गाडी काढली, हमरस्त्याने नरसीच्या दिशेला नेली, आणि अर्ध्या तासाने येऊन मला बाजूला घेतले.

"काका, दोनदा चालवून पाहिली. साठपर्यंत नेली. गाडीला काहीही झालेलं नाही."

त्याआधी अण्णांनी ती नांदेडच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्येही नेली होती. तिथल्या मुलाने ती आवारात दोन चकरा मारून पाहिली, धुऊन पुसून दिली आणि कागदावर लिहिले, 'हँडल ठीक.' म्हणजे दोन साक्षीदार झाले, आणि दोघेही गाडीच्या बाजूने. आता आरोपी एकच उरला. अण्णांनी हे सारे ओळखले होते. ओसरीवर बसून ते चहा पीत होते आणि बशी नेहमीपेक्षा जरा जास्तच सावकाश टेकवत होते. सगळ्यांचे डोळे त्या बशीवर होते.

"सकाळी जाताना थरथरायलंय," ते एवढेच म्हणाले, "येताना नाही."

"सकाळी थंडी असते ना, अण्णा," पुतण्या समजावणीच्या सुरात म्हणाला. अण्णा गप्प बसले. माणूस म्हातारा झाला की त्याने दिलेली माहितीही त्याच्या दुखण्यातच जमा होते.

मला मात्र ते वाक्य गणिताच्या उदाहरणातल्या दिलेल्या माहितीसारखे वाटले. उदाहरणात दिलेले वाक्य वापरल्याशिवाय उत्तर येत नसते. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी, अण्णा आणि पुतण्या असे तिघे गावातल्या मिस्त्रीकडे गेलो.

या मिस्त्रीच्या दुकानाला पाटी नाही. एक पत्र्याचे छप्पर, हवा भरायचा पंप, आणि खडूने हिशेब लिहून काळ्याची पांढरी झालेली एक भिंत. गाडी दिसताच पाना हातात घेणाऱ्यांपैकी तो नव्हे. त्याने अण्णांना स्टुलावर बसवले आणि जुन्या वैद्यासारखे प्रश्न सुरू केले. कधीपासून? त्याआधी गाडीचे काही काम केले होते का? टायर बदलला होता का? किती वेगाला? सरळ रस्त्यावर की वळणावर? ब्रेक दाबताना की मोकळी सोडताना?

मग त्याने जो प्रश्न विचारला त्याने मी सावध झालो. "काका, हँडल फडफडायलंय, का गाडी डुलायलीय?"

हे दोन निराळे रोग आहेत. हँडल फडफडणे म्हणजे पुढचे चाक आपल्या खुंटाभोवती झपाझप डावी-उजवीकडे हलणे. सेकंदाला सात-आठ वेळा, मोजता येत नाही असे. डुलणे म्हणजे सगळी गाडीच सापासारखी सळसळत जाणे. सेकंदाला दोन-तीन वेळा, मोजता येईल असे. पहिला रोग बहुधा मध्यम वेगात गाठतो आणि त्यात पुढच्या भागाचे सुटेपण पाहावे लागते. दुसरा बहुधा भर वेगात गाठतो, आणि तिथे मागचा चिमटा आणि त्याचे बुश, मागचे टायर, मागचे शॉकॲब्सॉर्बर यांची झडती घ्यावी लागते. विलायतेत रॉबिन शार्प नावाच्या संशोधकाने 1971 साली या दोन्ही हालचाली समीकरणांत मांडल्या. आमच्या मिस्त्रीने ती समीकरणे पाहिलेली नाहीत. पण दोन क्रियापदांत त्याने तोच भेद केला.

"फडफडायलंय," अण्णा म्हणाले. "पंचेचाळीसला सुरू होतं. सकाळी जाताना. येताना नाही."

"जाताना कॅन भरलेले, येताना रिकामे. आणि या दादांनी चालवून पाहिली ती?"

"रिकामी," पुतण्या म्हणाला.

"मग ती गाडी निराळी झाली की."

बाजारात रिकाम्या बैलाची चाल पाहून कुणी पैसे मोजत नाही. भरल्या गाडीला जुंपून पाहतात. अण्णांच्या दोन्ही कॅनांत मिळून चाळीस लिटर दूध मावते. त्याचे वजन एकेचाळीस किलो, कॅन आणि लोखंडी आकड्यांची चौकट धरून पन्नासच्या पुढे. गाडी स्वतः एकशेदहा किलोच्या आसपास आणि अण्णा साठ. म्हणजे गाडीच्या निम्म्या वजनाचे ओझे, तेही सगळे मागे. तक्रार ज्या गाडीची, परीक्षाही त्याच गाडीची झाली पाहिजे : तेच ओझे, तोच रस्ता, तोच वेग.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही आखाड्यावर होतो. दुधाऐवजी हौदाचे पाणी दोन्ही कॅनांत काठोकाठ भरले. काठोकाठ अशासाठी की अर्धवट कॅनात पाणी हेलकावते आणि तो आणखी एक निराळा त्रास होऊन बसतो. मिस्त्रीने पुतण्याला बजावले, "हेल्मेट घाला. हँडल हालायला लागलं की आवळून धरू नका, दचकून ब्रेक मारू नका. हात सैल ठेवा, अंग पुढं घ्या, ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करा." हे वाक्य मी इथे मुद्दाम पुरे लिहितो, कारण वाचकांपैकी कुणावर तो प्रसंग आलाच तर घाबरून हात आवळण्यापेक्षा याचा उपयोग होईल.

रस्ता मोकळा होता. आमच्याकडच्या काळ्या रेगूर मातीत रस्ता कधी सपाट राहत नाही. पावसात ती माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या डांबराला तिच्या श्वासाबरोबर खाली-वर व्हावे लागते. त्या हलक्या उंचसखलावरून पुतण्या गेला. मिस्त्री दुसऱ्या गाडीवर त्याच्या मागे. मी आणि अण्णा फाट्यावर उभे. अण्णांनी हातांची घडी घातली होती. निकालाच्या दिवशी विद्यार्थी असे उभे राहतात.

दहा मिनिटांनी पुतण्या परत आला. गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढले. चेहरा उतरलेला होता. पुण्याला गेल्यापासून त्याची बोली पार पुणेरी झाली आहे, पण त्या वेळी तो वडिलांकडे पाहून म्हणाला, "अण्णा, हँडल हातात थरथरायलंय."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी घडी सोडली आणि एका कॅनचे झाकण उगाचच घट्ट केले.

यापुढचे काम हातांचे होते, आणि ते पाहण्यासारखे होते. मिस्त्रीने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचे चाक अधांतरी केले आणि दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. बरोबर मध्यावर ते किंचित अडले, जणू एखाद्या खाचेत बसले. मग त्याने पुढचे दोन्ही पाय खालून धरून मागे-पुढे ओढले. हलकासा 'टक्' आवाज आला. हा कोनसेटचा दोष. हँडलाच्या खुंटाखाली आणि वर गोळ्यांच्या दोन वाट्या असतात. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळ चालते, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच जागी बसतो आणि वाटीत मधोमध खळगे पडतात. सरळ चालण्याची शिक्षा म्हणा ना!

पण एक दोष सापडला म्हणून तो थांबला नाही. चाक फिरवून रिमजवळ खडू धरला, चाक आउट आहे का ते पाहिले. मागचे चाक वर-खाली आणि आडवे हलवून पाहिले : चाक एकटेच हलले तर बेअरिंग गेलेले, चिमट्यासकट हलले तर बुश गेलेले. दोन्ही ठीक निघाले. मागून पुढे सुतळी ताणून दोन्ही चाके एका ओळीत आहेत का ते तपासले; साखळी ताणताना एका बाजूचा नट जास्त फिरला की मागचे चाक तिरपे बसते आणि गाडी एका अंगाला ओढते. सीटवर भार देऊन सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबली. ती दोन-तीनदा नाचली असती तर शॉकॲब्सॉर्बरातले तेल गेले असे समजायचे. शेवटी हवा मोजली. पुढे पंचवीस पौंड हवी ती सतराच भरली.

"मग आता सगळं एकदमच करून टाक," पुतण्या म्हणाला.

"एकदम केलं तर कशानं बरं झालं ते कसं कळणार?" मिस्त्री म्हणाला. आणि त्याने त्या काळ्यापांढऱ्या भिंतीवर खडूने तीन रेघा ओढल्या.

पहिली फेरी फक्त हवा भरून. तेच कॅन, तेवढेच पाणी. थरथर पंचेचाळीसऐवजी पन्नासला सुरू झाली. दुसरी फेरी दुपारी, कोनसेट बदलून. आता पंचावन्नच्या पुढे नुसती सळसळ जाणवली. रोग पुष्कळ उतरला होता, पण गेला नव्हता. मिस्त्री गाडीच्या बाजूला उकिडवा बसून कॅनांच्या चौकटीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "कॅन चाकाच्या आसाच्या मागं लोंबायलेत. पुढचं चाक हलकं पडायलंय."

"म्हणजे गाडी उलार झाली की!" अण्णा एकदम म्हणाले.

ज्यांनी बैलगाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही आणि गाडी मागे कलते. तिला उलार म्हणतात. चांगला गाडीवान माल भरतानाच तो आसाच्या थोडा पुढे सारतो. पन्नास वर्षांपूर्वी अण्णा हे दर सुगीला करीत होते. मोटारसायकलीलाही जू असते आणि ते पुढच्या चाकावर असते, एवढेच काय ते त्यांना कुणी कधी सांगितले नव्हते. मागचे ओझे आसाच्या मागे गेले की पुढचे चाक जमिनीला नीट धरत नाही, आणि एरवी दाबून ठेवलेले बारीकसारीक सुटेपण बोलू लागते.

चौकट सोडून एक वीत पुढे बसवली, हलणारे आकडे घट्ट केले. तिसरी फेरी अण्णांनी स्वतः केली. आम्ही कुणी नको म्हटले नाही. साठपर्यंत नेऊन ते परत आले. भिंतीवरच्या तिसऱ्या रेघेपुढे मिस्त्रीने काहीच लिहिले नाही. नुसती फुली मारली. एकूण खर्च अण्णांच्या दोन दिवसांच्या दुधात बसला.

दोन चाकांवरची वस्तू चालताना उभी का राहते, या प्रश्नाने मोठमोठ्यांना छळले आहे. केंब्रिजच्या व्हिपलने 1899 साली सायकलीचे गणित मांडले. 1970 साली डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मुद्दाम चालवताच येणार नाही अशी सायकल बांधायचा खटाटोप केला, आणि ती बांधणे त्याला वाटले त्याहून अवघड निघाले. पुढे 2011 साली काही संशोधकांनी दाखवून दिले की, चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळे किंवा पुढचे चाक खुंटाच्या रेषेच्या किंचित मागे जमिनीला टेकत असल्यामुळे ती तोलते असे जे आपण मानत आलो, ती दोन्ही कारणे काढून टाकली तरी सायकल आपली आपण तोल सावरू शकते. वजन कुठे आणि कसे वाटले आहे यालाही फार महत्त्व आहे. म्हणजे पुस्तकातले शास्त्रही फिरून अण्णांच्या 'उलार' शब्दाजवळ येते.

पुतण्याचे मला कौतुक वाटते ते असे की, गाडी बरी झाली म्हणून त्याने वडिलांचे वय नाकारले नाही, आणि वय आहे म्हणून गाडी काढूनही घेतली नाही. पुण्याला परतण्यापूर्वी बापलेकांनी ओसरीवर बसून करार केला. वेग चाळीस. अंधारात फेरी नाही. थंडीत दूध अर्धा तास उशिरा गेले तरी चालेल. दर महिन्याला हवा आणि हँडल पाहायचे. वर्षातून एकदा डोळे तपासायचे. आणि ज्या दिवशी अण्णांना स्वतःला वाटेल त्या दिवशी गाडी द्यायची, ती कुणाच्या फोनवरून नव्हे. वहिनींनी मध्ये एक कलम घातले : हेल्मेट. अण्णांनी तेवढ्यावर तोंड वाकडे केले आणि सही केल्यासारखी मान हलवली.

एक दिवस अण्णांचे हात खरोखरच थरथरतील. सगळ्यांचेच थरथरतात. तेव्हा ते नीट ओळखता यावे, म्हणून तरी आज गाडीचे थरथरणे गाडीच्या नावावर मांडले गेले हे बरे झाले.

आता पुण्याचा फोन दर रविवारी येतो. अण्णांनी कशाचीही तक्रार केली, गुडघ्याची, विहिरीवरच्या मोटरीची, शेजाऱ्याची, की पुतण्या आधी विचारतो, "जाताना की येताना? रिकामे असताना की भरलेले असताना?" अण्णांना हे प्रश्न फार आवडतात. ते सविस्तर उत्तर देतात. फोन पाऊण तास चालतो, आणि तेवढ्यात वहिनींचे दूध दोनदा उतू जाते.